व्हीनस फ्लायट्रॅपच्या (सापळ्यासारख्या पानांनी कीटक पकडणारं झाड) पानांवर बारीक जाळी आणि पिवळे ठिपके दिसतायत, काय करू?
जाळी आहे म्हणजे बहुतेक लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारा, कोळ्याच्या कुळातला बारीक जीव (माइट). पांढऱ्या कागदावर पान हलकेच झटका. पडलेले कण चालू लागले की समजा तोच. तो इतका बारीक असतो की त्याच्या स्पर्शाने सापळा मिटतच नाही.

कुंडीसकट झाड पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात दोन दिवस पूर्ण बुडवून ठेवा. नळाचं पाणी नको, क्षारांनी मुळं जातात. अंडी वाचू शकतात, म्हणून आठवड्याने पुन्हा बुडवा. माव्यावरचं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक इथे उपयोगाचं नाही, कारण कोळी हा कीटकच नाही. साबणाचं पाणी तर कृपया मारूच नका, पानं करपतात. फारच पसरला असेल तर अ‍ॅबामेक्टिन हे कोळीनाशक फवारा, तेही संध्याकाळी, लेबलवरच्या मात्रेतच. शेजारच्या कुंड्या मात्र आजच लांब ठेवा.