चारशे वर्षांपूर्वी एका स्त्रीने रचलेला ऑपेरा आज पुन्हा रंगमंचावर आणायचा तर काय करावं लागतं?

तुम्ही प्रश्नासोबत हेही विचारलं आहे, की "ऑपेरा रचणारी पहिली स्त्री" हे कारण बाजूला ठेवलं तर असा ऑपेरा आज करण्यासारखा उरतो का. मी हार्प्सिकॉर्ड हे पियानोच्या आधीचं, पट्ट्यांचं तारवाद्य वाजवते. फ्रान्चेस्का काच्चिनीच्या 'ला लिबेरात्सिओने दी रुज्जेरो' (रुज्जेरोची सुटका) या ऑपेरातले काही प्रवेश आमच्या गटाने बसवले होते, म्हणून त्या एकाच कृतीबद्दल लिहिते. हो, तो करण्यासारखा आहे. तो कुणा पुरुषाने रचला असता तरीही असता, पण मग तो असा झाला नसता.

पहिला प्रयोग 3 फेब्रुवारी 1625 रोजी फ्लॉरेन्सच्या वेशीबाहेर पोज्जो इम्पेरियाले या महालात झाला. पाहुणा होता पोलंडचा राजपुत्र व्वादिस्वाफ. यजमानीण मारिया माद्दालेना. पती, तोस्काना राज्याचा मेदिची घराण्यातला महाड्यूक कोसिमो दुसरा, वारल्यावर मुलगा सज्ञान होईपर्यंत ती आणि तिची सासू क्रिस्तीना तोस्कानाचा कारभार पाहत होत्या. फ्रान्चेस्का तेव्हा 37 वर्षांची होती. ती संगीतकार जुलिओ काच्चिनीची मुलगी, स्वतः गायिका, वादक, गुरू आणि मेदिची दरबारात सर्वाधिक पगार घेणाऱ्या कलावंतांपैकी एक. तिच्यावर लिहिताना लोक "उपेक्षित" हा शब्द फार सहज वापरतात. हयातीत ती उपेक्षित नव्हती, तिचा विसर नंतरच्यांना पडला. दरबारासाठी तिने डझनाहून अधिक नाट्यकृतींना संगीत दिलं, पण संगीतासह पूर्ण हाती लागते ती ही एकच, कारण ती त्याच वर्षी छापली गेली. आणि छापली गेली ती राज्य चालवणाऱ्या मारिया माद्दालेनाला हा सोहळा जगाला दाखवायचा होता म्हणून, असं माझं मत आहे. आधुनिक संपादित आवृत्ती निघाली ती थेट 1945 साली, अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात, डॉरिस सिल्बर्ट यांच्या हातून.

आता खरं काम. जुन्या छापील प्रतीचे स्कॅन इंटरनेटवर मोफत पाहता येतात. उघडून पाहिलंत तर कागद बराचसा रिकामा वाटेल. वर गाण्याची ओळ, खाली खर्जाची ओळ, मध्ये काहीच नाही. क्रमिक पुस्तकातलं बंदिशीचं स्वरलेखन जसं गायकाच्या तालमीशिवाय मुकं असतं, तसंच हे. मधली भर वादकांनी जागच्या जागी घालायची असते: हार्प्सिकॉर्ड, लांब मानेचं तारवाद्य थिऑर्बो, हार्प, छोटा ऑर्गन. कुणाच्या कोणत्या वाक्याला कोणतं वाद्य, हे बहुतेक ठिकाणी तुम्हालाच ठरवावं लागतं. मोजक्या जागी वाद्यांची नावं आहेत. मेंढपाळाच्या गाण्याला तीन रेकॉर्डर (उभ्या धरायच्या लाकडी बासऱ्या) सांगितले आहेत, इतरत्र व्हायोल हे गजाने वाजवायचं तारवाद्य, ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य, लाकडी नळ्यांचा ऑर्गन. या सूचना पैसे वाचवण्यासाठी गाळू नका. रेकॉर्डर वाजू लागले, की कथेतल्या जादूच्या बेटाची भूल प्रेक्षकाला शब्द न समजताही पडते.

गोष्ट इटालियन कवी आरिओस्तोच्या महाकाव्यातली आहे, संहिता फेर्दिनान्दो साराचिनेल्लीची. जादूगार आल्चीनाने रुज्जेरो या वीराला आपल्या बेटावर प्रेमात गुंतवून ठेवलंय. दुसरी जादूगार मेलिस्सा त्याला सोडवायला येते. त्याच्या म्हाताऱ्या गुरूचं, अत्लान्तेचं रूप घेऊन ती त्याला खडसावते आणि तो भानावर येतो. बेटावरची झाडं म्हणजे आल्चीनाचे जुने प्रियकर. ती झाडं रुज्जेरोला विनवतात, की आम्हालाही सोडवल्याशिवाय जाऊ नकोस. हा प्रवेश मला सगळ्या ऑपेरात सर्वांत जास्त आवडतो. रुज्जेरो नाव शीर्षकात मिरवतो खरा, पण त्याला स्वतःचं असं फार थोडं आहे. त्याच्या नशिबाचा निकाल दोन बायका लावतात, आणि समोर बसलेली यजमानीणही राज्य चालवणारी बाई होती.

याचा पुरावा संगीतात आहे. सुझन क्यूसिक या अभ्यासिकेने दाखवून दिलंय, की आल्चीना आणि तिच्या सख्या बहुतांशी फ्लॅटच्या (उतरलेल्या स्वरांच्या) स्वरसप्तकांत गातात, रुज्जेरो आणि इतर पुरुष शार्पच्या (चढ्या स्वरांच्या). मेलिस्सा या दोहोंच्या मध्ये उभी असते, आणि अत्लान्तेच्या वेषात शिरली की शार्पकडे वळते. म्हणून गायिकेला जड जातंय या सबबीखाली एखादा प्रवेश वरच्या-खालच्या पट्टीत सरकवू नका. सगळी मांडणी त्यावर उभी आहे.

आल्चीनाच्या बाबतीत दिग्दर्शक सर्वांत जास्त घोळ घालतात. शेवटी समुद्र पेटतो, राक्षस येतात, म्हणून तिला पहिल्यापासून हास्यास्पद चेटकीण करून टाकतात. पण रुज्जेरो निघाल्याची बातमी कळल्यावर ती आधी विनवण्या करते. तिथलं गायन तुटक आहे, मध्येच थांबणारं आहे, आणि फ्रान्चेस्काने तिची अजिबात टिंगल केलेली नाही. संताप त्यानंतर येतो. विनवणी खरी वाटली तरच तो संताप अंगावर येतो. आम्ही हा प्रवेश केला तेव्हा मी साथ जवळजवळ थिऑर्बो एकट्यावर सोडली आणि हार्प्सिकॉर्ड संतापाच्या क्षणापर्यंत राखून ठेवला. मला तो निर्णय आजही पटतो.

शेवटचा प्रश्न नृत्यांचा. मुखपृष्ठावर या कृतीला चक्क 'बाल्लेत्तो', म्हणजे नृत्यनाट्य, म्हटलं आहे. गाणं संपल्यावर दरबारी स्त्री-पुरुषांचं नृत्य झालं, मग महालाच्या अंगणात घोडेस्वारांचं. त्या नृत्यांचं संगीत छापील प्रतीत नाही. ते गाळून प्रयोग केला तर शेवट अर्धवट तुटल्यासारखा होतो. माझा सल्ला असा, की त्याच दरबारातल्या लोरेन्त्सो आल्लेग्रीने 1618 साली छापलेल्या नृत्यरचना घ्या आणि तसं कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट लिहा. घोडे परवडणार नाहीत, पण जुलिओ पारिजीच्या नेपथ्याची त्या काळची कोरीव चित्रं उपलब्ध आहेत, त्यावरून बरंच काही सुचतं. सुरुवातीला समुद्रदेव नेपच्यून आणि पोलंडची विस्तुला नदी राजपुत्राचं स्वागत करतात, तो भाग बरेचजण कापतात. मी ठेवीन. संहितेचं पोलिश भाषांतर 1628 साली छापलं गेलं, इतका तो पाहुणा या कृतीच्या पुढच्या प्रवासात गुंतलेला आहे.

ऐकायचं असेल तर एलेना सार्तोरी आणि पॉल व्हान नेव्हेल या दोन संगीत-संचालकांची ध्वनिमुद्रणं शोधा आणि झाडांचा प्रवेश दोन्हीकडे ऐका. संगीत तेच असूनही साथ केवढी वेगळी होते ते कळेल. खरंच बसवणार असाल, तर तालमी सुरू करण्याआधी मेलिस्सा शोधा. आल्चीनासाठी चांगल्या सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या गायिका, मिळतात. पण दणकट खालचा आवाज असलेली, आणि म्हातारा गुरू म्हणून उभी राहिली तर प्रेक्षकांना हसू येणार नाही अशी गायिका मिळणं अवघड असतं. ती मिळेपर्यंत सभागृहाची तारीख घेऊ नका.