मक्याच्या मागे मागे मेक्सिको

अनेक आशीर्वाद.

तुझा बारा दिवसांचा बेत वाचला. मेक्सिको सिटी, ओआहाका, चिचेन इत्सा, कान्कुन, आणि वर मिचोआकान राज्यातली मोनार्क फुलपाखरं. नकाशा पुन्हा एकदा उघड. हा देश महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा आहे. या बेताने गेलास तर विमानतळ आणि बसस्टँड तेवढे पाठ होतील. निम्मी नावं खोड. मेक्सिको सिटीला पाच दिवस, ओआहाकाला सहा, एक दिवस हाताशी मोकळा. चिचेन इत्सा आणि कान्कुन ज्या युकातान द्वीपकल्पावर आहेत, तिथली चुनखडीतली पाण्याची कुंडं आणि माया शहरं दुसऱ्या खेपेला ठेव. फुलपाखरांचा मोह आवरत नसेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच जा आणि ओआहाकातले दोन दिवस कापून तिकडे दे. तीन हजार मीटरवर ओयामेल या देवदारासारख्या सूचिपर्णी झाडांना ती घडांसारखी लटकलेली असतात आणि ऊन चढेपर्यंत हलत नाहीत. ढगाळ दिवशी गेलास तर तपकिरी घड बघून परत यावं लागेल.

व्हिसाचं आधी बघ. पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. तरी तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम ताडून घे.

मेक्सिको सिटी 2,240 मीटरवर आहे, कळसूबाईच्या माथ्यापेक्षा सुमारे सहाशे मीटर वर. उतरल्या दिवशी डोकं जड होतं, दोन जिने चढून धाप लागते, झोप तुटते. त्यात भारताशी साडेअकरा तासांचा फरक. म्हणून पहिला दिवस सपाटीवर चालण्याचा. दारू नको, जेवण हलकं, पाणी भरपूर, पण नळाचं नाही. घराघरांत वीस लिटरचा जार असतो, त्याला गाराफोन म्हणतात, तेच प्यायचं.

पैशांचा एक घोळ सगळ्यांचा होतो. पेसोचं चिन्ह आणि डॉलरचं चिन्ह एकच. पाटीवर दोनशे दिसले तर ते पेसो. एटीएम बँकेच्या आतलं वापर, आणि यंत्राने ‘तुमच्या चलनात रक्कम कापू का’ विचारलं तर नाही म्हण, त्या दरात ते स्वतःचा कट काढतं. पाचशेची नोट ठेल्यावर मोडत नाही, ती मोठ्या दुकानात मोडून घे.

आता खाण्याचं, कारण तू शाकाहारी आहेस आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, एवढं पाठ करून भागत नाही. कार्ने म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे गोमांस नाहीतर डुकराचं मांस येतं. कोंबडी किंवा हॅमचा तुकडा त्यात धरतीलच असं नाही. घेवड्याची उसळ बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, तामालेस म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पिठात चरबी फेटतात, ओआहाकाच्या त्लायुदावर, म्हणजे मोठ्या कडक तोर्तियावर (मक्याच्या पातळ भाकरीवर), तिचा हात फिरवतात. तेव्हा तीन वाक्यं कागदावर लिहून ने: सिन पोयो (कोंबडी नको), सिन मान्तेका दे सेर्दो (डुकराची चरबी नको), सिन काल्दो दे पोयो (कोंबडीचं पाणी नको). काळं मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, तेही बहुधा कोंबडीच्या पाण्यात सैल केलेलं असतं. मग खायचं काय? भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण घालून दुमडलेली तोर्तिया, निवडुंगाच्या फोडी, आणि मक्याच्या कणसावरची काणी. आपला शेतकरी ती उपटून टाकतो, तिथे ती वित्लाकोचे नावाने चवीने खातात. राजधानीत केसादिया मागताना ‘कोन केसो’, म्हणजे चीज घालून, म्हण, नाहीतर चीजशिवाय येईल. यावरून त्यांच्यातच भांडणं आहेत.

या देशात एकच गोष्ट नीट बघायची झाली तर मका बघ. सकाळी एखाद्या मोलिनोपाशी, म्हणजे मका दळायच्या गिरणीशी, अर्धा तास उभा राहा. किलोभर मक्याला साधारण दहा ग्रॅम चुना, तिप्पट पाणी, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, मग रात्रभर तसाच झाकून. सकाळी दाणा बोटांत चोळला की साल बुळबुळीत होऊन सुटते. धुऊन ओलाच दळतात. याला निश्तामाल म्हणतात. चुना कमी पडला किंवा दाणा कच्चा राहिला तर तोर्तिया कडेला चिरते. जास्त शिजला तर पीठ हाताला चिकटतं. आपली मक्याची भाकरी उकड घेऊनही का मोडते आणि तिथली घडी घालूनही का मोडत नाही, याचं उत्तर त्या चुन्यात आहे. त्यानेच मक्यातलं अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, चुना मागे ठेवला, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत नायसिनच्या अभावाचा पेलाग्रा रोग पसरला.

राजधानीजवळचं तेओतिवाकान हे पिरॅमिडांचं प्राचीन शहर अॅझ्टेकांनी बांधलं असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून दे. ते आले तेव्हा शहर ओस पडून शतकं लोटली होती. त्यांनी फक्त नाव दिलं. उत्तरेच्या बसस्थानकावरून सकाळची पहिली गाडी धर, दहानंतर तिथे सावली मिळत नाही. सूर्याच्या पिरॅमिडवर चढू देतील असं धरून जाऊ नकोस. राजधानीतलं मानववंशशास्त्र संग्रहालय सोमवारी बंद असतं. त्याला आख्खा दिवस दे, पण आधी तेओतिवाकान, मग संग्रहालय. उलट केलंस तर वस्तू जागेशिवाय तरंगत राहतात.

राजधानीच्या सोकालो या मुख्य चौकाशी तेम्प्लो मायोर, अॅझ्टेकांचं मुख्य मंदिर, आहे. 1978 मध्ये वीज खात्याच्या कामगारांना खणताना तिथे कोयोलशाउकी या अॅझ्टेक देवीची सव्वातीन मीटर रुंद शिळा लागली. तिथून चालत शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत जा, वरच्या मजल्यावर. दिएगो रिवेराच्या एका भित्तिचित्रात जेवणाच्या मेजाच्या मध्यभागी बसून पाव वाटणारा माणूस वर्ध्याचा आहे: गदर चळवळीतले डॉ. पांडुरंग खानखोजे. चापिंगोच्या शेतकी शाळेत ते शिकवत आणि मक्याच्या नव्या वाणांवर काम करत. प्रवाशांच्या घोळक्याला हे ठाऊक नसतं. तू मात्र थोडा वेळ थांब.

ओआहाकाची बस सहा-सात तासांची, एसी बोचरा; शाल वरच ठेव. तिथल्या मोन्ते आल्बान या डोंगरावरच्या प्राचीन शहराला सकाळी जा. तिथल्या दगडांवर कोरलेल्या वळवळत्या आकृत्यांना आधी ‘नर्तक’ म्हणत. मिटलेले डोळे, उघडी तोंडं नीट बघ. ती मारलेल्या कैद्यांची चित्रं असावीत असं आता बहुतेक अभ्यासक मानतात.

रविवार त्लाकोलुलाच्या बाजाराला ठेव आणि वाटेत तेओतितलान देल वायेच्या विणकरांकडे उतर. निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांची वाळलेली पूड तळहातावर घेऊन ते लिंबू पिळतात: लाल रंग नारिंगीकडे झुकतो. चुना टाकला की जांभळा. गालिचा घ्यायचा झाला तर आधी हे करून दाखवायला सांग, भाव नंतर विचार.