भर बाजारात दिवसभर बसावं लागतं, कापडी मास्कने भागेल का?

तुम्ही लिहिलंय की रोज नऊ-दहा तास बाजारपेठेत काउंटरवर असता, संध्याकाळी घसा धरतो, छाती जड होते, तर कापडी मास्क पुरेल का. नाही पुरणार.

मी पंधरा वर्षं रस्त्यालगतच्या गल्ल्यावर काढली. सकाळी काउंटरची काच ओल्या फडक्याने पुसायची, दुपारी चारला पुन्हा पुसली की फडकं काळं. मला वाटायचं, हीच ती घाण. पण काचेवर बसते ती जाड धूळ, आणि तीही बरीचशी नाकाघशातच अडकते. खरा धोका पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. हे कण फुप्फुसात खोलवर पोचतात. कापडाच्या विणीतून ते सहज आत येतात.

बाजारात हे साचतं ते रस्त्याच्या घडणीमुळे. दोन्ही बाजूंना उंच इमारती, मध्ये अरुंद रस्ता. वरून वारा वाहतो, पण खालची हवा तिथल्या तिथे घुमत राहते. त्यात रांगेत चालू इंजिनं, माल उतरवणारे टेम्पो, वीज गेली की डिझेल जनरेटर. मोबाईलवर दिसणारा हवेचा आकडा मोजणी केंद्राचा असतो. तुमच्या काउंटरसमोरची हवा त्याहून पुष्कळ वाईट असू शकते.

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचा एक अभ्यास माझ्या डोक्यातून जात नाही. त्या रस्त्यावर तेव्हा डिझेलच्या बस आणि टॅक्सीच धावायच्या. दम्याच्या ६० रुग्णांना तिथे दोन तास चालवलं, आणि वेगळ्या दिवशी तेवढाच वेळ जवळच्या हाइड पार्कमध्ये. तीच माणसं, तेवढंच चालणं. रस्त्यावर चालल्यावर एका सेकंदात जोराने बाहेर सोडता येणारी हवा सहा टक्क्यांपर्यंत घटली. बागेत चालल्यावर घट त्यापेक्षा बरीच कमी होती. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन तासांत एवढं होतं, आणि तुम्ही तिथे रोज नऊ तास असता, म्हणून मला तुमची काळजी वाटते.

आधी बसायची जागा बदला. गाड्यांच्या धुराच्या नळीपासून काही मीटर मागे सरकलात तरी फरक पडतो. सकाळी कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. झाडूने रात्रभर बसलेली धूळ पुन्हा नाकात जाते. टेम्पोवाल्यांना इंजिन बंद करायला सांगा. मला आधी संकोच वाटायचा, पण नीट सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात, त्यांचंही डिझेल वाचतं. शटर उघडं असताना हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रावर पैसे घालू नका. मास्क लावायचाच तर एन९५, आणि तो कडेने चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढीवर तो बसत नाही. घरी जाताना मुख्य रस्ता सोडून मागच्या गल्लीने जा.

आणि छातीचं दुखणं अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा, रोज किती तास रस्त्यालगत असता ते त्यांना सांगा आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसाची तपासणी, करायची का ते विचारा. नळीत जोरात फुंकायचं असतं, थोड्या वेळात होते. मी ती फार उशिरा केली.