गॅसवर आयडलिंग वरखाली होतंय? आधी पेट्रोलवर बघा

तुम्ही विचारलंय: १.२ लिटरची पेट्रोल गाडी, बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारं) सीएनजी किट, ठाण्यात कापूरबावडीच्या सिग्नलला आरपीएम ६०० ते ११०० वरखाली. किटवाल्याने तीनदा लॅपटॉप लावून गॅसचं मॅपिंग बदललं, दोन दिवसांत पुन्हा तेच. चौथ्यांदा लावू देऊ नका.

इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते पेट्रोलचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, ठरवतो. किट त्या आकड्याला आपल्या मॅपमधल्या (कोष्टकातल्या) गुणकाने गुणून गॅसचा इंजेक्टर उघडतं. मूळ आकडाच बिघडलेला असेल तर गुणक बदलून तात्पुरतं बरं वाटतं, मग लाँग टर्म ट्रिम (ईसीयू शिकून लक्षात ठेवतो ती इंधनाची टक्क्यांतली दुरुस्ती) सरकतो आणि ते मॅपिंग पुन्हा चुकतं.

म्हणून गाडी पेट्रोलवर पूर्ण गरम करा, स्कॅनर लावा आणि शॉर्ट (त्या क्षणाची दुरुस्ती) व लाँग टर्म ट्रिमची बेरीज आयडलला आणि २५०० आरपीएमला लिहून घ्या. साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलला अधिक २० आणि २५०० ला जवळपास शून्य, म्हणजे कुठूनतरी चोरून हवा येतेय: आयडलला इंजिन हवाच थोडी ओढतं, त्यात गळतीचा वाटा मोठा असतो. उलट आरपीएम आणि लोडबरोबर ट्रिम वाढत गेला तर पेट्रोल कमी पडतंय, फिल्टर आणि पंपाचं प्रेशर बघा. फक्त मॅप सेन्सरवर (हा मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला दाब मोजतो; किटच्या मॅपशी संबंध नाही) चालणाऱ्या गाड्यांत मात्र गळती ट्रिममध्ये इतकी ठळक दिसत नाही, तिथे आरपीएमच चढलेला राहतो.

माझ्या गाडीत दोष निघाला तो किट बसवताना मॅनिफोल्डच्या पाइपला मारलेल्या टी-जॉइंटवर. रबर कडक होऊन खालच्या बाजूने चिरलं होतं, वरून हात फिरवून कळत नव्हतं. मी त्याआधी प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडीची सफाई, सगळ्यावर पैसे घातले होते. तुम्ही तो जॉइंट सगळ्यात आधी बघा. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची सवय अनेकांना आहे. आगीचा धोका आहे, करू नका. स्मोक टेस्ट करून घ्या, म्हणजे आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हचा पाइप पकडीने हलकेच दाबून आरपीएम सुधारतो का, तेही बघा.

पेट्रोलवर आरपीएमचा काटा स्थिर झाला की मगच गॅस. आयडलला पेट्रोल इंजेक्शनचा वेळ समजा २.८ मिलिसेकंद आहे. गॅसवर टाकल्यावर तो जवळपास तेवढाच राहायला हवा. ३.५ कडे गेला तर गॅस कमी पडतोय, २.२ कडे आला तर जास्त जातोय. एसी आणि हेडलाइट लावूनही हे बघा, कारण व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उघडायला उशीर लागतो.

आणि गॅस इंजेक्टरचं नोझल गरजेपेक्षा मोठं असेल तर आयडलला तो इतका कमी वेळ उघडतो की दरवेळी सारखा गॅस सोडूच शकत नाही. हे लॅपटॉपवर सुटत नाही, नोझलच बदलावं लागतं. बऱ्याच गाड्यांत खरं दुखणं हेच असतं आणि ते कोणी उघडून बघत नाही.

दोन्ही ट्रिम, मॅप सेन्सरचं रीडिंग आणि पेट्रोल व गॅसवरचे मिलिसेकंद कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.