पंप खोलायच्या आधी टाकीत बघा

या महिन्यात डिझेलचा ट्रक चालता चालता बंद पडतो असे बरेच प्रश्न आलेत, त्यातले तीन घेतो. पहिल्याला जास्त जागा देतोय कारण त्यात माणसाचा खर्च फार झालाय आणि अजून व्हायच्या बेतात आहे.

प्रश्न (मिरज): माझी दहा चाकी गाडी जुनी बीएस थ्री (जुन्या प्रदूषण नियमांची) आहे, साध्या डिझेल पंपाची. पुण्याहून किराणा भरून येताना खंबाटकी चढायला लागली की आधी ओढ कमी होते, मग बंदच पडते. पंधरा-वीस मिनिटं थांबून इंजिनाजवळचा डिझेल ओढायचा हातपंप मारला की चालू होते, घाट संपला की साताऱ्यापर्यंत काही त्रास नाही. फिल्टर दोनदा बदलला, डिझेल पंप काढून कॅलिब्रेशन करून आणला, आता मिस्त्री म्हणतात पंपच नवा टाका. टाकी फुल असली की बंद पडत नाही, अर्ध्याच्या खाली गेली की हमखास. काय करू?

उत्तर: दादा, नवा पंप अजिबात टाकू नका, निदान आत्ता तरी. तुमच्या पत्रातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि ती बहुतेक तुम्ही मिस्त्रींना सांगितलीच नसणार. पंप खराब असता तर त्याला टाकी फुल आहे का अर्धी याच्याशी काय घेणंदेणं? पंपाला फक्त पुढ्यात डिझेल पाहिजे. म्हणजे डिझेल पुढ्यात पोचत नाहीये, आणि शोधायचं ते टाकीपासनं पंपापर्यंत, या क्रमानंच.

घाटातच का हे आधी समजून घ्या. सपाट रस्त्यावर इंजिनाला डिझेल कमी लागतं, फीड पंप (टाकीतनं डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) त्याच्या गरजेपेक्षा बरंच जास्त ओढतो आणि उरलेलं रिटर्न पाईपनं टाकीत परत जातं. म्हणून लाईन थोडी चोंदलेली असली किंवा थोडी हवा घेत असली तरी सपाटीला कळत नाही. चढाला भरलेली गाडी पूर्ण लोडवर आली की मागणी वाढते, तिथं उघडं पडतं. आणि बंद पडताना काळा धूर नसेल, आवाज नसेल, नुसती ओढ जाऊन विझत असेल, तर ही डिझेल न मिळाल्याचीच खूण.

आता पुढच्या वेळी बंद पडली की हातपंप मारताना हाताला काय लागतं ते नीट बघा. दांडा वर ओढताना जड जातोय आणि सोडला की आपोआप खाली खेचला जातोय तर टाकीकडून वाट बंद आहे, म्हणजे टाकीतल्या ओढ पाईपाच्या तोंडावरच्या जाळीवर घाण बसली असेल, पाईप चेपला असेल, किंवा रबरी पाईपाचं आतलं अस्तर सुटून ओढीला आत बसत असेल (बाहेरनं पाईप नव्यासारखा दिसतो, फसतो माणूस). दांडा हलका लागतोय आणि फिल्टरचा एअर स्क्रू सैल केल्यावर फेस येतोय तर गाडी एअर धरतीय, म्हणजे लाईनमध्ये हवा शिरतीय. आणि त्याच वेळी टाकीचं झाकण उघडा, सुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू होऊन ओढायला लागली तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय, ते साफ करा किंवा झाकण बदला, काम झालं.

तुमच्या बाबतीत मला जास्त संशय टाकीच्या आत उतरणाऱ्या ओढ पाईपावर आहे. त्याला मधे कुठं तडा गेला असेल तर टाकी भरलेली असताना तडा डिझेलमध्ये बुडालेला राहतो आणि काही होत नाही, पातळी खाली गेली की तोच तडा हवा ओढतो. बाहेर एक थेंब सांडत नाही म्हणून कुणाला दिसत नाही. फीड पंपाच्या अलीकडची बाजू ओढीची, गाडी चालू असताना तिथनं डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पुढची बाजू दाबाची, तिथं गळती असली तर ओलं दिसतं. म्हणून नुसतं ओलं कुठंय बघत बसलात तर हे कधीच सापडणार नाही.

खात्री करायची स्वस्त पद्धत सांगतो. टाकीकडून फीड पंपाला येणारा पाईप सोडा आणि तिथं डिझेलला चालणारा पारदर्शक पाईप मधे जोडा. गाडी चालू करून रेस द्या, बुडबुडे जाताना डोळ्यानं दिसतील. दिसले तर स्वच्छ डिझेलचा वीस लिटरचा कॅन घ्या, ओढीचा पाईप आणि रिटर्न दोन्ही त्यात सोडा. कॅन चासीला पक्का बांधायचा, सायलेन्सरपासनं लांब, केबिनमध्ये ठेवायचा नाही. भरलेल्या गाडीनं एखादा कमी रहदारीचा चढ चढवून बघा, त्यासाठी खंबाटकीत जाऊ नका. कॅनवर गाडी नीट ओढली तर दोष टाकीत किंवा टाकीच्या लाईनला. कॅनवरही बुडबुडे आले किंवा बंद पडली तर फीड पंप बघा, त्याचे व्हॉल्व्ह, हातपंपाचं सील, बँजो बोल्टचे (पाईप पंपाला जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर. वॉशर जुनेच परत लावायची सवय फार वाईट आहे, काही रुपयांची वस्तू आहे, दरवेळी नवी टाका. हे सगळं नीट निघालं तरच पंपाकडं जायचं.

हे इतकं पोटतिडकीनं सांगतोय कारण सांगलीत एका हळदीच्या गाडीचं मी स्वतः बघितलंय. तिचा पंप दोनदा खोलला होता, मालकानं त्यासाठी उसने पैसे काढलेले. शेवटी टाकी उतरवली तर आत ऑइलच्या कॅनच्या तोंडावरचं चंदेरी सील, कधीतरी रस्त्यात कॅननं डिझेल ओतताना पडलेलं. गाडी ओढायला लागली की ते जाळीला चिकटायचं, बंद पडली की सुटून खाली बसायचं. त्या मालकाचा चेहरा मला अजून आठवतो.

दोन गोष्टी जपा. घाटात इंजिन बंद पडलं की ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, स्टिअरिंग जड होतं, सारखे ब्रेक मारले तर हवा संपत जाते, तेव्हा लगेच कडेला घ्या, हँडब्रेक लावा, चाकाखाली ठोकळा घाला आणि मगच बॉनेटकडं जा. आणि टाकीला वेल्डिंग करायची वेळ आली तर रिकामी टाकी आहे म्हणून तशीच करू देऊ नका, आत वाफ राहते, टाकी फुटून माणसं गेलीत. ती नीट धुवून, वाफ पूर्ण काढून, जाणकाराकडनंच करायची.

प्रश्न (कराड): माझी बीएस सिक्स गाडी आहे, कुंभार्ली घाटात अचानक ओढ जाते, डॅशवर इंजिनाचा दिवा लागतो. ओळखीचा मिस्त्री म्हणतो नोझलचे (इंजिनात डिझेल फवारतात त्यांचे) पाईप चालू गाडीत एकेक सैल करून बघू.

उत्तर: नको, नको, हे करू देऊ नका. जुन्या गाडीत आम्ही सगळे ते करायचो पण 2020 पासनंच्या या कॉमन रेल गाड्यांत रेलमधला (सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला) दाब हजार बारच्याही वर जातो, ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते, वरून टाचणीएवढं दिसतं आणि हात गमवायची वेळ येते. असं झालंच तर दुखो न दुखो, लगेच दवाखान्यात. तुम्ही आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून दोषाचा कोड काढा. ॲडब्लूच्या (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं पाणी) भानगडीनंही ओढ कमी होते, डिझेलचा काही संबंध नसतो. कोड रेलच्या दाबाचा असेल तर चढावर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब दोन्ही स्कॅनरवर शेजारी शेजारी बघा. फरक पडत असेल तर आधी स्वस्तातलं, वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा, फिल्टर कंपनीचाच टाका, एअर बघा, मग नोझलचं रिटर्न, म्हणजे तिथनं परत जाणारं डिझेल, मोजा. पाणी जास्त निघालं तर पावसाळ्यात टाकी रात्री रिकामी ठेवत जाऊ नका, झाकणाचं रबर बघा. या गाड्यांच्या नोझलला पाणी सोसत नाही आणि त्यांची किंमत तुम्हाला माहितीच आहे.

प्रश्न (वाई): जुनी सहा चाकी, खड्ड्यात आदळली की किल्ली फिरवल्यासारखी एकदम बंद, लगेच सेल मारला की चालू. फिल्टर बदलू का?

उत्तर: फिल्टरचं काम नाही हे. डिझेल कमी पडून बंद होणारी गाडी आधी ओढ सोडते, झटके देते, मग विझते. एकदम बंद आणि एकदम चालू म्हणजे करंट तुटतोय. तुमच्या पंपावर किल्लीनं चालणारा सोलेनॉइड (करंट असेल तोवरच डिझेल सोडणारी झडप) असेल तर त्याची वायर आणि कनेक्टर हलवून बघा, गाडी उभी, न्यूट्रलला, इंजिन चालू ठेवून. हलवताना बंद पडली की जागा सापडली. तिथं काही नसेल तर किल्लीचा स्विच, फ्यूजची पकड आणि बॅटरीची अर्थ वायर याच क्रमानं बघत जा.