पंच मानसिकदृष्ट्या इतके का थकतात? यावर उपाय काय?

मैदानावरच्या धावपळीपेक्षा शिवीगाळ आणि एकटेपणा पंचाला जास्त थकवतो. खेळाडूच्या पाठीशी संघ असतो. पंचाचे बरोबर निर्णय कुणाच्या लक्षातही राहत नाहीत, चुकलेला एक मात्र मोबाइलवर फिरत राहतो. स्वीडनचे नामांकित फुटबॉल पंच अँडर्स फ्रिस्क यांनी २००५ मध्ये जिवे मारण्याच्या धमक्यांमुळे निवृत्ती घेतली. मग मुलांच्या सामन्यात पालकांच्या शिव्या खाणारा नवखा पंच कितीसा टिकणार?

सामन्याच्या आदल्या रात्री झोप उडणं, खेळाडूंबद्दल तुसडेपणा, ‘आपल्याला जमतच नाही’ असं सतत वाटणं, हे सुरू झालं असेल तर काही सामने सरळ सोडा. शिवीगाळीचा लेखी अहवाल प्रत्येक वेळी द्या, अनुभवी पंचाशी बोला. तरीही झोप परतली नाही, तर समुपदेशकाकडे जायला उशीर करू नका.