मोगऱ्याची जिन (मोगऱ्याचा पाक घातलेलं जिनचं कॉकटेल) पहिल्यांदा करताना

बाजारातल्या गजऱ्याची फुलं घेऊ नका, त्यांवर बहुधा फवारणी असते. घरच्या कुंडीतला, औषध न मारलेला मोगराच हवा. हिरवे देठ काढा, नाहीतर कडवटपणा उतरतो. साखर-पाणी समप्रमाणात उकळून पूर्ण गार करा, मग १०० मिली पाकात १०-१२ फुलं घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि गाळा. गरम पाकात टाकलीत तर सुगंध उडून जातो.

एका ग्लासला जिन ४५ मिली, ताजा लिंबूरस २०, पाक २०. भरपूर बर्फासोबत शेकरमध्ये (पेय हलवायच्या झाकणाच्या भांड्यात) १०-१२ सेकंद हलवा, गाळा, वरून ६० मिली गार सोडा. शेकरमध्ये सोडा कधीच नको. सोलापूरच्या एप्रिलात बर्फ भराभर वितळून पेय पाणचट होतं. ग्लास अर्धा तास आधी फ्रीझरमध्ये ठेवाच.